मूठ हातातून सुटली तर : घरी नेता येणाऱ्या व्यायामसाधनाची सुरक्षित रचना कशी करावी

गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेला रुग्ण घरी जातो, तेव्हा त्याच्या हाती व्यायामाचा एक छापील कागद असतो आणि फार तर रबराची एक पट्टी. रुग्णालयात फिजिओथेरपिस्टच्या नजरेखाली होणारा व्यायाम आता कॉटच्या पायाला बांधलेल्या पट्टीवर होऊ लागतो. पट्टी किती ताणायची, कुठे थांबायचे, दुखले तर काय करायचे, हे त्या क्षणी सांगणारे जवळ कोणी नसते. म्हणून रुग्णालयातील मोठे यंत्र रचणाऱ्यापेक्षा पिशवीत मावणारे साधन रचणाऱ्यावर अधिक जबाबदारी असते, असे मला वाटते. अभियांत्रिकीचे विद्यार्थी, लहान कार्यशाळा चालवणारे कारागीर आणि स्वतःच्या रुग्णांसाठी काही घडवू पाहणारे फिजिओथेरपिस्ट यांच्यासाठी हे मार्गदर्शन लिहीत आहे.

आरंभ एका अपघाताने करतो. आमच्या कार्यशाळेत पहिल्या नमुन्याची चाचणी चालू असताना ताणलेल्या रबरी नळीची मूठ सहकाऱ्याच्या घामेजलेल्या हातातून निसटली आणि भिंतीवरची ट्यूबलाइट फुटली. कोणाला इजा झाली नाही, परंतु त्या संध्याकाळी आम्ही कागदावर हिशेब मांडला. नळी ०.८ मीटर ताणलेली होती आणि त्या टोकाला बल सुमारे १०० न्यूटन, म्हणजे १० किलोच्या वजनाएवढे होते. बल ताणाच्या प्रमाणात वाढते असे धरले, तर साठलेली ऊर्जा त्या गुणाकाराच्या निम्मी, म्हणजे ४० ज्यूल येते. ४ किलोचे वजन १ मीटर उंचीवरून पडताना जेवढी ऊर्जा घेऊन येते, तेवढी ही आहे. ही सगळी ऊर्जा २०० ग्रॅमच्या मुठीत उतरली, तर मुठीचा वेग सेकंदाला २० मीटर, अर्थात ताशी ७२ किलोमीटर होतो. प्रत्यक्षात काही ऊर्जा रबराच्या स्वतःच्या वस्तुमानात आणि अंतर्गत घर्षणात जाते, पण उरलेली डोळा कायमचा अधू करण्यास पुरेशी असते. व्यायामाच्या रबरी पट्ट्या सुटून डोळ्याला झालेल्या गंभीर इजांच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. तेव्हापासून प्रत्येक नव्या रचनेला आम्ही सर्वप्रथम एकच प्रश्न विचारतो : पूर्ण ताणलेल्या अवस्थेत मूठ सुटली, तर साठलेली ऊर्जा कुठे जाईल? याचे उत्तर मिळाल्याखेरीज पुढची कोणतीही रेघ ओढू नये.

आधी रुग्ण, मग यंत्र

दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांचे अशक्त स्नायू पुन्हा बळकट करताना अमेरिकी सैन्यातील डॉक्टर थॉमस डीलॉर्म यांनी चढत्या वजनाच्या व्यायामाची पद्धत बसवली आणि १९४५ मध्ये ती प्रसिद्ध केली. रुग्णाला जे वजन जेमतेम दहा वेळा उचलता येते, ते माप धरून त्या आधारे व्यायाम ठरवायचा आणि ताकद वाढेल तसे माप पुन्हा घ्यायचे, हा त्या पद्धतीचा गाभा आजही टिकून आहे. रचनाकाराने त्यातून घ्यायची गोष्ट अशी की रोध, म्हणजे हालचालीला होणारा विरोध, मोजता आला पाहिजे आणि तो लहान पायऱ्यांनी वाढवता आला पाहिजे. खांद्याच्या आतील लहान स्नायूंचा व्यायाम अनेकदा अर्ध्या किलोपासून सुरू होतो. तिथे १ किलोवरून एकदम २ किलोवर नेणारे साधन रुग्णाचा भार दुप्पट करते. म्हणून खालच्या टोकाला पाव किलोची पायरी असावी. वरच्या टोकाला १ किलोची चालते.

यानंतर सांध्यावर पडणारा टॉर्क काढावा. स्नायूला दोरीतले बल जाणवत नाही; त्याला जाणवतो तो टॉर्क, म्हणजे बल आणि सांध्यापासूनचे लंब अंतर यांचा गुणाकार. समजा, गुडघा सरळ करण्याच्या व्यायामासाठी फिजिओथेरपिस्टने २० न्यूटन-मीटर ही मर्यादा घालून दिली आहे. घोट्याजवळचा पट्टा गुडघ्यापासून ०.३५ मीटरवर असेल आणि दोरी पायाला काटकोनात ओढत असेल, तर दोरीत ५७ न्यूटन, म्हणजे सुमारे ५.८ किलोचे बल लागते. तोच पट्टा पोटरीच्या मध्यावर सरकला, तर तेवढ्याच टॉर्कसाठी दुप्पट बल लागेल. उलट, वरच्या जागेसाठी ठरवलेले बल घरच्यांनी पट्टा घोट्याला बांधून वापरले, तर गुडघ्यावर दुप्पट टॉर्क येईल. पट्टा कुठे बांधायचा याची खूण साधनावर आणि माहितीपत्रकावर ठळक हवी, ती याच कारणासाठी.

पायाचे स्वतःचे वजनही हिशेबात धरायला हवे. गुडघ्याखालचा पाय पावलासह शरीराच्या वजनाच्या सुमारे ६ टक्के असतो. ६० किलोच्या व्यक्तीत तो ३.६ किलो भरतो आणि त्याचा गुरुत्वमध्य गुडघ्यापासून साधारण ०.२४ मीटरवर येतो. खुर्चीत बसून पाय आडवा सरळ केला, की कोणत्याही साधनाशिवाय गुडघ्यावर साडेआठ न्यूटन-मीटर टॉर्क येतो. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दिवसांत एवढाच भार पुष्कळ असतो, म्हणून साधनाची सुरुवात शून्यापासून व्हावी. शक्य असल्यास पाय उचलायला मदत करणारी उलटी जोडणीही ठेवावी.

हालचालीच्या मर्यादा मात्र रचनाकाराने स्वतः ठरवू नयेत. गुडघ्यातील पुढच्या क्रूशिएट लिगामेंटची, म्हणजे हाडांना जोडणाऱ्या बंधाची, पुनर्रचना झालेल्या रुग्णात, पाऊल अधांतरी ठेवून गुडघा सरळ करताना शेवटच्या सुमारे ४० अंशांत नव्या लिगामेंटवर अधिक ताण येतो. म्हणून आरंभीच्या आठवड्यांत हा पल्ला बहुधा टाळला जातो. कोणत्या रुग्णाला किती अंशांपर्यंत मुभा द्यायची, हे शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट ठरवतील. आपण त्यांना एक खात्रीचा अडसर द्यावा, जो रुग्णाला चुकूनही ओलांडता येणार नाही.

रोध कोठून आणावा

अंगमेहनतीसाठी हलके, हाती धरून नेण्याजोगे साधन ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. आज मिरवणुकीत झांजांच्या तालावर फिरणारी लेझीम मुळात लोखंडी साखळी लावलेले धनुष्य होती आणि ती ओढून दंड-खांदे कमावले जात. रोधाचा उगम निवडताना मात्र प्रत्येक पर्यायाचा स्वभाव नीट ओळखावा लागतो.

वजन हा सर्वांत प्रामाणिक उगम आहे, कारण ५ किलो सर्वत्र ५ किलोच असते. फिजिओथेरपी विभागांतील वाळूच्या पिशव्या त्यामुळेच टिकून आहेत. प्रवासात वजन वाहून नेणे मात्र गैरसोयीचे, यावर पाण्याची पिशवी हा उत्तम उपाय आहे : घरी पोचल्यावर १ लिटर पाणी भरले, की १ किलो वजन झाले आणि पाव लिटरच्या खुणा पाडल्या, की पाव किलोच्या पायऱ्या मिळाल्या. पिशवीत हवा राहिली, तर पाणी हिंदकळून हालचालीला झटके बसतात. म्हणून मोठ्या पिशवीत थोडे पाणी ठेवण्याऐवजी लहान लहान कप्पे करावेत.

रबर हलके आणि स्वस्त असते. त्याचे दोष तीन : ताणेल तसे बल वाढते, पहिल्या काही ताणांत ते नरम पडते आणि उन्हाने, ओझोनने, घामाने ते झिजत जाते. दुसऱ्या दोषाला मलिन्स परिणाम म्हणतात. त्यावरचा उपाय म्हणजे साधनात बसवण्यापूर्वी प्रत्येक नळी वापरातील कमाल लांबीपर्यंत वीसेक वेळा ताणून घेणे आणि मोजमाप त्यानंतरच करणे. काही लोकांना नैसर्गिक लॅटेक्सची अॅलर्जी असते, तेव्हा त्वचेला लागणारे भाग लॅटेक्सचे नसावेत. रंगांवर विसंबू नये, हेही सांगायला हवे. थेराबँडची पिवळी पट्टी मूळ लांबीच्या दुप्पट ताणली, की सुमारे १.३ किलोचे बल देते. पण दुसऱ्या कंपनीचा पिवळा रंग तेवढेच बल देईल असे नाही.

पोलादी स्प्रिंग रबरापेक्षा अधिक काळ एकसारखी वागते, पण कोकणपट्टीच्या खाऱ्या दमट हवेत साधी स्प्रिंग एका पावसाळ्यात गंजते आणि गंजाच्या खड्ड्यापासूनच तिला तडा जातो. स्टेनलेस स्टीलची स्प्रिंग घ्यावी. गुंडाळलेल्या पोलादी पट्टीची स्थिर बलाची स्प्रिंग जवळपास एकसारखे बल देते, ही तिची मोठी जमेची बाजू. मात्र तिच्या पट्टीच्या कडा धारदार असतात आणि गुंडाळण्या-उलगडण्याच्या फेऱ्यांचे तिचे आयुष्य मर्यादित असते, म्हणून ती बंद डब्याबाहेर कधीही ठेवू नये.

घर्षणावर चालणारी साधने बनवायला सोपी, पण हालचाल सुरू करताना लागणारे बल हालचाल चालू असतानाच्या बलापेक्षा जास्त असते. परिणामी दोरी अडकत-सुटत पुढे जाते, आणि दुखऱ्या खांद्याला नेमका तो झटका सोसत नाही. तेलाचा दट्ट्या किंवा चुंबकीय ब्रेक यांत हा दोष नसतो. तिथे रोध वेगाबरोबर वाढतो आणि मूठ सोडली की सगळे जागच्या जागी थांबते, कारण ऊर्जा साठतच नाही. सुरक्षिततेच्या दृष्टीने याहून चांगले काही नाही. उणीव एकच, पण मोठी : परतीच्या हालचालीत भार राहत नाही. जिना उतरताना किंवा खुर्चीवर हळूच बसताना मांडीचे स्नायू लांबत लांबत भार पेलतात, आणि त्या कामाचा सराव अशा साधनाने होत नाही.

वजन वापरताच येत नाही अशा ठिकाणी हा प्रश्न कसा सुटला, ते पाहण्याजोगे आहे. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर आरंभी रबरी घटकांचे साधन होते आणि त्याचा रोध सुमारे १३६ किलोपर्यंतच जात असे. २००८ मध्ये तिथे पोचलेल्या एआरईडी या साधनात निर्वात सिलिंडर वापरले आहेत. दट्ट्यावर बाहेरील हवेचा दाब ताणाबरोबर बदलत नसल्याने बल जवळपास स्थिर राहते, आणि मुक्त वजनाला जे जडत्व असते ते लहान गतिचक्रांनी आणले आहे. रोध २७२ किलोपर्यंत मिळतो. आपल्याला एवढा भार नको आहे, पण स्थिर बल आणि परतीचा भार या दोन्ही गोष्टी अंतराळवीरांसाठी जपाव्या लागल्या, हे ध्यानात ठेवावे.

सर्व बाजू तोलून घरगुती वापरासाठी मी बंद डब्यातील रबर किंवा स्प्रिंग, त्यावर रीळ आणि बाहेर येणारी न ताणणारी दोरी ही रचना सुचवतो. पुढील विवेचन तिच्याविषयी आहे.

बलाचा चढ सपाट करणे

मांडीच्या पुढच्या स्नायूंची ताकद गुडघा साधारण ६० ते ७० अंश वाकलेला असताना सर्वाधिक असते आणि पाय सरळ होत जाईल तशी घटते. साधी रबरी पट्टी बरोबर उलटे वागते : जिथे स्नायू दुबळा, तिथे ती सर्वांत जोरात ओढते. रुग्ण शेवटचे काही अंश पुरे करू शकत नाही, किंवा झटका देऊन करतो.

यावर पहिला उपाय म्हणजे लांब रबर आधीच ताणून ठेवणे. अर्धा मीटर सैल पट्टी अर्धा मीटर ओढली, तर पिवळ्या पट्टीचे बल शून्यापासून १.३ किलोपर्यंत चढते. तीच पट्टी १ मीटर लांब घेऊन डब्यातच २ मीटरपर्यंत ताणून ठेवली आणि मग अर्धा मीटर ओढली, तर बल १.३ वरून सुमारे १.८ किलोवर जाते. २ मीटरचा मार्ग ३५ सेंटिमीटरच्या डब्यात बसवायला पट्टीच्या जागी रबरी दोर घेऊन तो पाच-सहा कप्प्यांवरून (पुलींवरून) फिरवावा लागतो. इथे काटकसर करू नये : साध्या बुशवर फिरणाऱ्या कप्प्यांचे घर्षण साठत जाते, ओढताना बल जास्त आणि परतताना कमी लागते, आणि ज्या परतीच्या भारासाठी रबर निवडले तोच हातचा जातो. बॉल बेअरिंगच्या कप्प्या घ्याव्यात.

दुसरा उपाय शंकूच्या आकाराचे रीळ. जुन्या चावीच्या घड्याळांत स्प्रिंग सैल होत गेली तरी काट्यांना सारखाच जोर मिळावा म्हणून असा शंकू वापरत. आपल्या साधनात मुठीची दोरी आरंभी ३० मिलिमीटर त्रिज्येवरून आणि शेवटी सुमारे ४१ मिलिमीटर त्रिज्येवरून सुटू दिली, तर १.३ ते १.८ हा चढ जवळपास नाहीसा होतो. त्रिज्या आणखी वाढवली, तर शेवटी बल उतरू लागते, म्हणजे गुडघ्याच्या ताकदीच्या उताराशी जुळते. खांद्यासाठी वेगळे आणि गुडघ्यासाठी वेगळे रीळ छापून बदलता येईल अशी सोय थ्रीडी प्रिंटरमुळे सहज करता येते. भार पेलणारा आस मात्र धातूचाच हवा. छापलेल्या प्लास्टिकचे थर ज्या दिशेला एकमेकांवर बसतात त्या दिशेने ते उकलतात.

सुटण्याचा क्षण

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. दोरी पॉलिएस्टरसारख्या न ताणणाऱ्या धाग्याची असली, की तिच्यात ऊर्जा जवळजवळ साठत नाही. ती तुटली तरी तडाखा बसत नाही, आणि रबर तुटले तरी ते डब्यातच राहते. रबराचे दोन समांतर दोर वापरावेत. एकच दोर असेल आणि तो तुटला, तर रोध क्षणात शून्य होऊन रुग्ण मागे कलंडतो. दोन असतील, तर रोध निम्मा होतो आणि रुग्ण सावरतो.

राहिली मूठ सुटण्याची गोष्ट. परतीचा वेग आवरण्यासाठी केंद्रोत्सारी ब्रेक वापरावा; त्यातील बूट, म्हणजे घासणारे तुकडे, वेग वाढला की बाहेर फेकले जाऊन कड्याला घासतात. जुन्या तबकडीच्या टेलिफोनमध्ये बोटाने फिरवलेली तबकडी सोडल्यावर एकाच संथ वेगाने घरंगळत परत येत असे, ती अशाच नियामकामुळे. व्यायामातील परतीचा वेग साधारण सेकंदाला ०.२ ते ०.३ मीटर असतो. ब्रेक सेकंदाला ०.६ मीटर वेगापर्यंत अजिबात लागू नये, म्हणजे परतीचा भार अबाधित राहील, आणि त्यापुढे तो झपाट्याने लागावा.

इथे अनेकांची पहिली रचना फसते, आमचीही फसली होती. रिळाची त्रिज्या ३० मिलिमीटर धरली, तर सेकंदाला ०.६ मीटर या वेगाला रीळ सेकंदाला फक्त २० रेडियन फिरते. त्या गतीला २५ मिलिमीटर त्रिज्येवरील २० ग्रॅमच्या ब्रेक-बुटावर केंद्रोत्सारी बल अवघे ०.२ न्यूटन येते, आणि एवढ्याने काहीच थांबत नाही. रीळ आणि ब्रेक यांमध्ये गती आठपट वाढवणारे दातेचक्र घातले, की बल गतीच्या वर्गाने वाढत असल्याने चौसष्टपट, म्हणजे १२.८ न्यूटन होते. बुटाला आत धरून ठेवणारी स्प्रिंग एवढ्याच बलाला सुटेल अशी निवडावी. मग तीन बूट, ३० मिलिमीटर त्रिज्येचे ब्रेकचे कडे आणि ०.४ घर्षणांक असेल, तर दोरीत १०० न्यूटनचा ताण असतानाही मूठ सेकंदाला साधारण ०.८ मीटरच्या पुढे जात नाही. ट्यूबलाइट फोडणाऱ्या २० मीटरशी याची तुलना करून पाहावी. दातेचक्रामुळे ब्रेकचे जडत्वही मुठीला अनेकपट जाणवते. म्हणून मध्ये एकाच दिशेने पकडणारे बेअरिंग घालावे, म्हणजे दोरी बाहेर ओढताना ब्रेक फिरतच नाही.

दोरीच्या बाहेरच्या टोकाला, मुठीच्या अलीकडे, मऊ रबरी गोळा बसवावा. परतीच्या शेवटी तो डब्याच्या तोंडावर टेकतो आणि बोट चिमटण्याचे टळते. हालचालीची मर्यादा घालणारा अडसर दोरीवर सरकवता येईल असा, पण अवजाराशिवाय सैल न होणारा असावा.

घरात ते बांधायचे कशाला

कागदावर निर्दोष असलेली साधने बहुतेक वेळा इथे हरतात, कारण रचना करताना जिमखाना डोळ्यांसमोर असतो आणि वापर मात्र दीड खोलीच्या घरात होतो. प्लास्टिकची खुर्ची गुळगुळीत फरशीवर सरकते. स्नानगृहाचे पीव्हीसीचे दार ओढ सहन करत नाही. खिडकीच्या गजाचा वेल्ड गंजलेला असू शकतो. पट्टी पावलाखाली धरून ओढण्याची पद्धत तर मी कोणालाही सुचवणार नाही, कारण पाऊल निसटले की पट्टी थेट चेहऱ्याकडे येते.

लोखंडी कॉटचा किंवा जड दिवाणाचा पाय चांगला, आणि रुग्ण स्वतः त्यावर बसलेला असेल तर अधिक चांगला. दाराचा उपयोग करायचा असेल, तर लाकडी भक्कम दार निवडून बिजागरीच्या बाजूला पट्टा अडकवावा आणि दार आपल्यापासून दूर उघडते त्या बाजूला उभे राहावे, म्हणजे ओढल्यावर दार चौकटीत अधिक घट्ट बसते. कडी आतून लावलेली असावी. पहिल्या वापरापूर्वी घरातील धडधाकट माणसाने कमाल बलाच्या तिप्पट, म्हणजे १०० न्यूटनच्या साधनासाठी ३० किलोएवढे ओढून जागा तपासावी. सामान तोलायचा हातातला डिजिटल काटा यासाठी पुरतो आणि तो साधनाच्या पिशवीतच द्यावा, असे माझे आग्रहाचे मत आहे. साडीचा पदर, ओढणी आणि मोकळे केस रिळात जाऊ नयेत, यासाठी दोरीचे तोंड अरुंद ठेवावे.

मुठीचा व्यास ३० ते ४० मिलिमीटर बहुतेकांना सोयीचा पडतो. अर्धांगवायूनंतर पकड राहिलेली नसते अशा रुग्णासाठी मुठीऐवजी मनगटाला व्हेल्क्रोचा पट्टा द्यावा. पण तो दुसऱ्या हाताने एका झटक्यात सोडता आला पाहिजे. पट्टा ५० मिलिमीटरपेक्षा अरुंद नसावा आणि त्याच्या कडा दुमडून शिवलेल्या असाव्यात. मधुमेहाने पायाची संवेदना गेलेल्या व्यक्तीला पट्टा रुततो आहे हे कळतच नाही, म्हणून व्यायामानंतर त्वचा पाहण्याची सूचना पत्रकात पहिल्या ओळींत द्यावी. अस्तर काढून धुता यावे.

रोध मोजण्यासाठी दोरीच्या मार्गात लोडसेल, म्हणजे बल मोजणारा सेन्सर, आणि त्याचे वाचन घेणारी एचएक्स ७११ सारखी स्वस्त चिप बसवता येते. ती सेकंदाला १० किंवा ८० वाचने देते आणि व्यायामाच्या संथ हालचालीला १० पुरतात. आकडा किलोत आणि मोठ्या देवनागरी अंकांत दिसावा. बॅटरी संपली किंवा मोबाइल बंद पडला, तरी ब्रेक आणि अडसर हे यांत्रिक भाग जसेच्या तसे काम करत राहिले पाहिजेत. सुरक्षिततेची कोणतीही गोष्ट ॲपवर सोपवू नये.

मोडेपर्यंत तपासणे

दिवसातून दोनदा, दहा-दहाचे तीन संच म्हटले, तर रोज ६० आवर्तने होतात. वर्षाला २१,९०० आणि दोन वर्षांत जवळपास ४४,०००. गाडीच्या वायपरची मोटर आणि एक क्रँक यांतून मिनिटाला ३० वेळा दोरी ओढणारी चाचणीची मांडणी जुन्या बाजारातील सामानातून उभी राहते आणि ही आवर्तने सुमारे २५ तासांत पुरी होतात. दर ५,००० आवर्तनांनंतर थांबून बल मोजावे, रबरावर बारीक भेगा आहेत का ते भिंगातून पाहावे आणि नोंद ठेवावी. एक नमुना महिनाभर गच्चीवर उन्हात ठेवून मग त्याच चाचणीतून न्यावा. १ मीटर उंचीवरून फरशीवर सर्व बाजूंनी टाकून पाहावा. त्यानंतर कमाल बलाच्या तिप्पट ओढून काही तुटते का ते पाहावे, आणि एक नमुना मुद्दाम तुटेपर्यंत ओढावा, कारण तो कसा तुटतो हे आधी माहीत असायला हवे.

सुटण्याची चाचणी स्वतंत्रपणे घ्यावी. दोरी पूर्ण ओढून मूठ सुतळीने बांधावी, सुतळी कापावी आणि मागे मोजपट्टी लावून मोबाइलवर सेकंदाला २४० चित्रांच्या गतीने चित्रण करावे. दोन चित्रांमध्ये मूठ किती सरकली यावरून वेग निघतो. १ मीटरच्या वेगाला ती दर चित्राला सुमारे ४ मिलिमीटर सरकेल. ही चाचणी नव्या नमुन्यावर आणि ४४,००० आवर्तने झालेल्या नमुन्यावर, अशी दोन्हींवर घ्यावी. ब्रेकचे बूट तेलकट किंवा गुळगुळीत झाले असतील, तर फरक लगेच दिसतो. या काळात डोळ्यांवर संरक्षक चष्मा असल्याशिवाय कोणीही खोलीत थांबू नये.

माणसांवरची चाचणी त्यानंतरच, आणि तीही नीतिसमितीच्या परवानगीने, आधी निरोगी व्यक्तींवर व मग रुग्णांवर, फिजिओथेरपिस्टच्या उपस्थितीत करावी. पुनर्वसनासाठी म्हणून साधन विकायचे, तर ते वैद्यकीय उपकरण ठरते आणि त्याला वैद्यकीय उपकरणे नियम, २०१७ लागू होतात. जोखमीनुसार अ ते ड असे त्यांत चार वर्ग आहेत. आयएसओ १४९७१ या मानकात जोखमींची यादी करून प्रत्येकीवर काय उपाय केला हे लिहून ठेवण्याची पद्धत दिली आहे. ती कागदी औपचारिकता मानू नये. मूठ सुटणे, दोर तुटणे, पट्टा चुकीच्या जागी बांधणे, लहान मुलाने साधन हाती घेणे, अशी यादी पहिल्या दिवसापासून भिंतीवर लावली, तर रचना आपोआप शहाणी होत जाते.

माहितीपत्रक रुग्णाच्या भाषेत, मोठ्या अक्षरांत आणि एका पानात असावे. श्वास रोखू नये, कारण जोर लावताना श्वास कोंडला की रक्तदाब एकदम चढतो. ओढताना श्वास सोडावा आणि परतताना घ्यावा. सांध्यात टोचणारी वेदना, छातीत दुखणे, चक्कर किंवा नवी सूज यांपैकी काही जाणवले, तर थांबून डॉक्टरांना कळवावे. दर आठवड्याला दोरी आणि पट्ट्याची शिवण बोटांनी चाचपून पाहावी. रबराचे दोर बसवल्याची तारीख डब्यावर कोरलेल्या चौकटीत लिहावी आणि शेजारीच बदलण्याची तारीख; ती उलटल्यावर दोर चांगले दिसत असले तरी दोन्ही एकदमच बदलावेत, कारण नव्याच्या जोडीला जुना ठेवला, तर भार असमान वाटला जातो आणि दोघांचेही आयुष्य घटते.